दादाच्या यानाला फायबर

फायबरचं काम करणाऱ्या माणसाच्या अंगाला संध्याकाळी जी खाज सुटते, तिची कल्पना इतरांना यायची नाही. काचेची बारीक कुसं कातडीत शिरून बसतात. आंघोळीआधी खोबरेल चोळायचं, मग गार पाणी घ्यायचं, गरम अजिबात नाही, एवढं सगळं करूनही कोपराच्या आतल्या बाजूला थोडी खाज उरतेच. भाट्याच्या खाडीकाठी माझी शेड आहे आणि मासेमारीच्या होड्यांना फायबर मारणं हा माझा धंदा. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि ज्याला त्याला आपली होडी नारळी पौर्णिमेच्या आत तयार हवी असते. त्या दिवसांत माझा पार पिट्ट्या पडतो. गेल्या पावसाळ्यात नेमक्या त्याच दिवसांत माझ्या दादाने मला अंतराळयान दुरुस्त करायला सांगितलं.

हसू येत असेल तर खुशाल हसा. आमची वाडी त्या यानाला इतकी वर्षं हसतेच आहे.

दादा माझ्याहून बराच मोठा. आमचे बाबा लाकडी होड्या बांधायचे आणि दादा त्यांच्या हाताखाली तयार झाला. तरुणपणी तो मुंबईला गेला आणि कुणाच्या तरी ओळखीने एका सिनेमाच्या स्टुडिओत सुतार म्हणून चिकटला. तिथे तेव्हा एक अंतराळाचा सिनेमा निघत होता. माणसं दुसऱ्या ग्रहावर जातात, तिथल्या समुद्रात त्यांचं यान कोसळून बुडतं, अशी काहीतरी गोष्ट. त्या यानाची प्रतिकृती करायचं काम दादाकडे आलं. कुणीतरी एक चित्र हातात दिलं, देवदारी फळ्या पुढ्यात टाकल्या आणि कर म्हणाले.

आता दादाला बांधता येत होती ती होडी. त्याने खाली कणा घातला, फासळ्या उभ्या केल्या, त्यांवर फळ्या चढवल्या. फळीफळीच्या सांध्यात कापसाचा पीळ ठोकून वरून राळ आणि मुशी माशाचं तेल भरलं. बाबांनी शिकवलं होतं ते असंच. वरून चंदेरी रंग दिला की झालं अंतराळयान. माणसाच्या उंचीएवढं लांब, पुढे निमुळतं, मागे पंख. शूटिंगच्या दिवशी ते पाण्याच्या हौदात टाकलं तर बुडेचना. दिग्दर्शक काठावरून ओरडतोय, बुडव त्याला, बुडव, आणि यान आपलं मजेत तरंगतंय. शेवटी पोटाला दगड बांधले तेव्हा कुठे ते रडतखडत खाली गेलं. त्या दिवशी खाल्लेल्या शिव्या दादा जन्मभर शाबासकी मिळाल्यासारख्या सांगत आला.

सिनेमा साफ पडला. रत्नागिरीत तो लागलाच नाही, त्यामुळे घरातल्या कुणीही तो पाहिलेला नाही. स्टुडिओवाले यान मोडीत काढणार हे कळल्यावर दादाने ते मागून घेतलं. आंब्याच्या पेट्या मुंबईला उतरवून एक ट्रक रिकामा परत येत होता, त्यात पेंढ्यावर निजवून त्याने ते घरी आणलं. स्वतःही त्याच ट्रकातून आला आणि परत गेला नाही. पुन्हा होड्या बांधायला लागला, लाकडी होड्यांची मागणी संपेपर्यंत. यानाचे मात्र हाल झाले. एका वर्षी वाडीच्या गणपतीच्या देखाव्यात ते चंद्रावर उतरवलं आणि मंडळींनी त्याला गुलाबी रंग फासला. पुढे काही दिवस आमच्या कोंबड्या त्यात अंडी घालत होत्या. मग वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, वैतागून ते गोठ्याच्या माळ्यावर टाकायला लावलं. त्याला आता युगं लोटली.

दादाला काचबिंदू आहे. कळलं तेव्हा उशीर झाला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरली आहे ती थेंब घालून टिकेल तितकी टिकवायची. तिथून घरी आल्यावर दादा पडवीत खुर्चीवर बसला आणि बराच वेळ अंगणातल्या जांभ्याच्या पायरीकडे पाहत राहिला. मग मला हाक मारली.

"माळ्यावरचं यान खाली काड. धड कर आनि मना दाखव."

"आता? शेडमधे होड्यांची रांग लागलीय, दादा."

"होड्या दरवर्षी येतात. माजी नजर काय परत येनार नाय. आता जे नीट बगून घेईन, तेच पुढं दिसत रानार मना. एकदा पोटभर बगू दे."

दादाने आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलेलं नव्हतं. मीच मागत आलो. शेडसाठी जागासुद्धा त्याचीच, जिथे तो होड्या बांधायचा ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शेजारच्या एकाने मिळून यान माळ्यावरून उतरवलं, तसंच ताडपत्रीत गुंडाळलं आणि टेंपोत घातलं. दादा पडवीतच होता. त्याला ताडपत्रीचा निळा गठ्ठा तेवढा दिसला असेल. आमच्या बाबांचा एक नियम होता, अर्धी होडी मालकाला दाखवायची नाही. अर्धी होडी दिसली की मालक घाबरतो, नाहीतर दहा सूचना करतो, आणि दोन्हींत कामाचा सत्यानाश होतो. दादानेही हा नियम आयुष्यभर पाळला. म्हणून मी टेंपोत चढताना त्याला म्हटलं, "मालक, तयार झाल्यावरच दाखवणार हां." तो हसला आणि म्हणाला, "बराबर हाय."

शेडमध्ये ताडपत्री सोडली तेव्हा मी कपाळाला हात लावला. वाळवीने डावं अंग पोखरून टाकलं होतं. बोट लावावं तिथे भुगा. एक पंख अर्धा गायब, कण्याजवळच्या फळ्या सुटलेल्या, आत कोंबड्यांची वाळलेली घाण. मला खरं सांगायचं तर रागच आला. बाहेर होड्या उभ्या, प्रत्येकीचा मालक दिवसातून दोनदा फोन करणारा, पावसाने फायबरचं रेझिन वाळायचं नाव घेत नाही, आणि मी हे काय अंगावर घेऊन बसलो?

दिवसभर होड्या आणि अंधार पडायच्या आधीचा थोडा वेळ यान, असं चाललं. पाठ आखडलेली, खांदे भरून आलेले, डोळे चुरचुरणारे. त्या अवस्थेत मी ते खरवडत होतो. गुलाबी रंग काढला, त्याखालचा चंदेरी काढला, कुजकं लाकूड कोरून काढलं. उरलं ते इतकं नाजूक की उचलताना भीती वाटावी. मग मी तेच केलं जे आमच्या किनाऱ्यावर हल्ली सगळेच करतात. लाकडी होडी गळायला लागली, जुनी झाली, की तिच्यावर फायबर मारायचं. लाकूड आत राहतं आणि होडी पुढची कितीतरी वर्षं चालते. मालक खूश, आम्ही खूश. मी खड्ड्यांत पुट्टी भरली, सांधे बुजवले, वर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरली, तिला रेझिन पाजलं, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. हात आपोआप चालत होते. दमलेल्या माणसाला सवयीचं काम किती बरं वाटतं ते मी सांगायला नको.

"झालं काय रे?" दादा रोज विचारायचा.

"होतंय."

आधी आठवडाभर पाऊस हटला नाही आणि रेझिन चिकटच राहिलं. मग एका होडीचं काम घाईने आलं. मग पंख मनासारखा बसेना म्हणून तो काढून पुन्हा केला. मला ते चांगलंच करायचं होतं. शेवटचं बघायचं आहे म्हणतो, तर उगीच कसंतरी काय दाखवायचं? एकदा वहिनी म्हणाली, "अवो भावजी, जसं हाय तसं आना की. हेंना आता ताटातली भाजी वळकत नाय." तिने हे पदराने हात पुसत, अगदी सहज सांगितलं. मी तिच्यावर खेकसलो. घरात कामाची माहिती असलेला मी एकटाच आहे, असं काहीतरी बोललो. दमलेला माणूस वाईट बोलतो आणि त्याला ते वाईट वाटायलाही त्राण नसतं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि यानही तयार झालं. पाण्याच्या पॉलिश कागदाने घासून घासून मी ते आरशासारखं केलं होतं आणि वर मशीनने चंदेरी रंग मारला होता. शेडमधले सगळे बघत राहिले. मी टेंपोतून ते घरी आणलं आणि अंगणात, चांगलं ऊन आलं होतं तिथे, दोन बाकांवर ठेवलं. दादाला हाताला धरून बाहेर आणलं. त्याने स्वच्छ सदरा घातला होता.

तो उभा राहिला. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग वाकला, इतका की त्याचं नाक यानाला टेकलं.

"चमकतंय," तो म्हणाला. "उजेड दिसतोय मना. लय चमकतंय."

"आणि?"

"उजेड दिसतोय," तो पुन्हा म्हणाला.

इतके दिवस मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. घरी यायचो, तेल चोळायचो, जेवायचो आणि आडवा व्हायचो.

दादाने हात पुढे केले. होडी तपासतात तशी त्याने पुढच्या टोकापासून सुरुवात केली. दोन्ही तळवे हळूहळू मागे सरकत गेले. मध्येच थांबला, परत पुढे आला, नखाने काहीतरी शोधायला लागला. एकाच जागी नख पुन्हा पुन्हा फिरवत होता.

"सांदे कुटं गेले रे?"

"बुजवले. वरून फायबर मारलंय."

"फायबर?"

"लाकूड कुजलं होतं, दादा. राहिलं नसतं. आत आहे सगळं तसंच. तुझ्या फळ्या आतच आहेत."

त्याची बोटं तरी शोधतच राहिली. सांधे हाताला लागले असते तर डोळ्यांशिवायही त्याने ते ओळखलं असतं, फळीन् फळी. हे मला तिथे, त्याच्या बोटांकडे बघताना कळलं. चारचौघांच्या होड्यांसारखी मी त्याचीही एक गुळगुळीत होडी करून ठेवली होती. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "चांगलं काम केलंयस." एखाद्या परक्या गावच्या कारागिराला म्हणावं, तितक्याच अदबीने. त्यापेक्षा त्याने मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फायबर सोलून काढता येईल का, हे मी दुसऱ्या दिवशी पटाशीने एका कोपऱ्यात करून बघितलं. थराबरोबर लाकूडच उपटून येत होतं. आवाज ऐकून दादा पडवीतून म्हणाला, "राहू दे." मी पटाशी खाली ठेवली आणि त्याच्याजवळ जाऊन बसलो. मला रडू येत होतं आणि एवढा मोठा बाप्या म्हणून ते येऊ देत नव्हतो.

"माजंच चुकलं," दादा म्हणाला. "धड कर म्हनालो. त्या दिवशी ताडपत्री बाजूला केली असती तर कुजकं का हुईना, बगितलं असतं. तवा दिसत होतं मना."

"दादा, असं नको बोलू."

"आता डोळ्यांपुढं आनायला बगतो तर नीट येत नाय. येतं नि जातं." तो जरा सरसावून बसला. "तू तर बगितलंयस. सांग मना, खाली काडलंस तवा कसं होतं?"

मी घाईघाईने सांगायला लागलो. डावं अंग वाळवीने खाल्लेलं. मागचा एक पंख अर्धा. कण्याजवळच्या दोन फळ्या सुटलेल्या.

"हां. आनि?"

"टोकाला चीर होती. खालच्या बाजूला रंगाचे पापुद्रे निघाले होते."

"खिडक्या कशा होत्या? मी कोरल्या त्या?"

मी आठवायला लागलो. गोल की लांबट? उजवं अंग चांगलं होतं, तिथे काय होतं? पोटावर काही लिहिलेलं होतं का? सगळं माझ्याच हातांनी घासलं होतं. पण मी बघत होतो ते कुठे पुट्टी भरायची एवढंच, आणि फोटो काढावा असं तर डोक्यातही आलं नव्हतं. दादा माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून थांबला होता.

"एवढंच बगितलंस?" त्याने विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.