पांढऱ्या पट्टीच्या पुढे

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच तर ऱ्हस्व-दीर्घाला हसू नये, एवढीच विनंती.

मी डबे करायचे. आमचं घर निघोजे गावाच्या बाजूला आणि कंपनी हायवेच्या पलीकडे. तिथली कंत्राटी पोरं, बहुतेक मराठवाड्यातली, माझ्याकडून जेवण घ्यायची. पगार झाला की पुढच्या महिन्याचे पैसे आधीच देत. त्यातूनच मी सिलेंडर, पीठ, तांदूळ भरायचे. त्यांची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. तेवढ्यात डबा गेटवर पोचला नाही तर पोरगं उपाशी मशीनवर जायचं. म्हणून आमचे हे गाडी चालवायचे आणि मी मागे पिशव्या धरून बसायचे.

वाटेत हायवे ओलांडायच्या चौकात पूर्वी एक हवालदार असत. आमची गाडी दिसली की हायवेच्या ट्रकांपुढे हात आडवा धरायचे. "थांब रे, भाकरी चाललीय!" असं ओरडायचे. मी पदर पुढे ओढून घ्यायचे, पण मनातून बरं वाटायचं.

मग नवा सिग्नल आला. खांबांवर कॅमेरे बसले. गाड्या मोजून कुणाला किती वेळ सोडायचं ते सिग्नल आपलं आपणच ठरवणार, कोंडी कमी होणार, असा मोठा फलक लागला. हवालदारांना दुसऱ्या चौकात पाठवलं. खोटं कशाला लिहू, हायवे खरंच मोकळा झाला. ट्रक न थांबता जाऊ लागले. आमच्या गावाकडच्या रस्त्याला मात्र हिरवा दिवा लागेचना. लागला तरी दोन-चार गाड्या निघेपर्यंत पुन्हा लाल.

आम्ही गेटवर पोचेपर्यंत सुट्टी संपत आलेली असायची. मग एकजण म्हणाला, "मावशी, आज पण बिस्किटावरच गेला बघा दिवस." डबा भरलेलाच परत आणला. संध्याकाळी तो आम्हीच खाल्ला.

एकदा चौकातल्या लोखंडी पेटीपाशी एक मुलगी लॅपटॉप घेऊन उभी होती. ताथवड्याच्या कॉलेजात शिकलेली, सिग्नलच्या कामावरची. ह्यांनी गाडी बाजूला घेऊन तिला विचारलं, "पोरी, आमच्या रस्त्यावर काय राग हाय का तुझ्या सिग्नलचा?"

ती हसली आणि तिने आम्हाला चित्र दाखवलं. पांढऱ्या पट्टीच्या मागे एक पिवळी चौकट होती. त्या चौकटीत जे उभं राहील तेवढंच कॅमेरा मोजतो. चौकट रिकामी होती. आम्ही सगळे दुचाकीवाले पट्टीच्या पुढे, हायवेला चिकटून उभे. आपल्याकडे पट्टीच्या मागे थांबतं कोण?

"काका, त्याच्या हिशोबाने हा रस्ता रिकामाच आहे. तुम्ही यात दिसतच नाही."

"मी एवढा जाडा, तरी दिसत न्हाई?"

चौकट पुढे घेता येईल का, असंही ह्यांनी विचारलं. वर लिहून पाठवते, म्हणाली. नंतर ती पुन्हा दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडी पट्टीच्या मागे लावली. पुढे जागा दिसताच मागच्या गाड्या दोन्ही बाजूंनी तिथे शिरल्या. मागून हॉर्न सुरू झाले.

"ओ काका, झोप लागली का?"

"आरं, मागं ऱ्हावा! मागं ऱ्हायलं तर मशीनला दिसतोय आपण!"

"मशीनला दाखवायला पावडर लावून आलाय व्हय?"

सगळे हसले. बाजूला दोन बायका होत्या, कंपनीतच जाणाऱ्या. मी त्यांना सांगितलं असतं तर त्या तरी थांबल्या असत्या का, कोण जाणे. ह्यांनी काही दिवस सगळ्यांना ओरडून सांगितलं, मग सोडून दिलं. आमच्या रस्त्याला एखादा मोठा ट्रक आला आणि पट्टीच्या मागे थांबला तरच हिरवा लागायचा. म्हणून आम्ही सगळे मान वळवून ट्रकची वाट बघायचो.

एका दुपारी ट्रक आलाच नाही. डबे गार होत चाललेले. ह्यांनी लाल दिव्यातूनच गाडी काढली. त्याचा दंड फोनवर आला, सोबत फोटो. त्या फोटोत मी स्पष्ट दिसत होते. पदर, दोन्ही हातांतल्या पिशव्या, पिशवीवरची दुकानाची अक्षरंसुद्धा. मी तो फोटो बराच वेळ बघत राहिले.

महिना संपायच्या आत पोरांनी डबे बंद केले. रागावली नाहीत. हायवेवरून एक व्हॅन येते, ती वेळेवर पोचते, एवढंच म्हणाली. उरलेल्या दिवसांचे पैसे त्यांना परत द्यायचे होते, पण ते तर चुलीत गेले होते. मी एका हॉटेलात कांदे चिरायला लागले. जमतील तसे एकेकाला देत गेले. एकदा चौकट पुढे घेतली की काय असं वाटलं होतं, कारण ट्रक नसताना हिरवा लागला. त्या दिवशी सिग्नलच बिघडलेला होता.

शेवटचा राहिला होता तो बिस्किटावर दिवस काढलेला पोरगा. परवा आम्ही त्याचे पैसे घेऊन निघालो. चौकात लाल होता. हे सवयीने पट्टीच्या पुढे जाऊन थांबले. ट्रक येईपर्यंत तिथेच उभे राहिलो.

गेटवर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की मावशी, मी काय मागितले का?" मी त्याचा हात धरून पैसे त्यात ठेवले. त्याने न मोजता खिशात घातले. "चपात्या मऊ असायच्या तुमच्या," म्हणाला आणि आत गेला. आता कुणाचं काही देणं राहिलं नाही.