चौसष्ट कोयते

कराडात कॉम्प्युटरची दुकानं पुष्कळ. पण गिऱ्हाइकाशी भांडून त्याला स्वस्तातला माल देणारं दुकान एकच, क्रांतीताई मोहित्यांचं. वडील ट्रॅक्टरचे मेस्त्री, त्यामुळे पाटीवर अक्षर काढायच्या आधी बाई पाना धरायला शिकल्या. लग्नानंतर नवरा फौजेत गेला, घरी एक बंद पडलेला कॉम्प्युटर राहिला. बाईंनी तो खोलला, आणि आज वीस वर्षं झाली, काही ना काही खोलतच आहेत.

त्यांचा रिवाज सोयरीक ठरवल्यासारखा. आधी गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन तासभर काम बघायचं, मगच प्रोसेसरचं नाव काढायचं. लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या धैर्यशीलला त्यांनी मधल्या किमतीचा डेस्कटॉप प्रोसेसर दिला. पाटणच्या अपेक्षाचं काम घाटातल्या दरडींचं गणित मांडायचं. ते दोन-दोन दिवस चालायचं आणि मध्येच मशीन अडलं की पुन्हा पहिल्यापासून. तिला मात्र त्यांनी स्कूटी पुढच्या वर्षावर ढकलायला लावून वर्कस्टेशनचा प्रोसेसर घ्यायला लावला.

आणि मग आले लालासाहेब. पतसंस्थेचे चेअरमन, शिवाय क्रांतीताईंच्या दुकानाच्या गाळ्याचे मालक. तीन एकर रानाला साठ एचपीचा ट्रॅक्टर घेणारा गडी!

"सांगलीच्या पतसंस्थेतल्या भाऊसोनं बत्तीस कोरचा प्रोसेसर घेतलाय," ते म्हणाले. "आपल्या संस्थेत चौसष्टचा पायजे. धा मशिनं. काचंच्या डब्यात बसवा, आत लाईट लावा. सभासदांना दिसाय पायजे."

"आधी काम बघते," क्रांतीताई म्हणाल्या.

त्या संस्थेत कारकून नानासोंशेजारी तासभर बसल्या. नानासो एका बोटानं पावत्या टाइप करत होते. दुसऱ्या हाताला तंबाखूचं काम होतं. क्रांतीताईंनी जुन्या मशीनवर कामाचा आकडा उघडून दाखवला. प्रोसेसर चार टक्के चालला होता.

"चार टक्के?" लालासाहेब चमकले. "आन बाकीचा काय करतोय?"

"झोपलाय. आवं लालासाहेब, कोर म्हंजे प्रोसेसरातला ऊसतोडणीवाला. अपेक्षाचं रान मोठं हाय, तिला टोळी लागती. तुमी एक ऊस तोडाय चौसष्ट कोयतं बोलावताय. तरेसष्टजण बांधावर बसून भाकरी खातील, वीजबिल तुमचं. त्यापरास धारंचा एक कोयता बरा. साधा डेस्कटॉप घ्या, नानासोंच्या बोटाला पुरून उरंल."

नानासोंना हसू आलं. चेअरमनचा चेहरा बघून त्यांनी ते तंबाखूबरोबर दाढेखाली ठेवलं.

"मी सल्ला मागितला न्हाई," लालासाहेब गरजले. "माल मागितलाय. वर्षाचा धंदा एका दिवसात देतोय तुमाला!"

"पैसं सभासदांचं हायती. त्यात म्हस विकून ठेव ठेवलेली माझी आईबी हाय. तिला काय सांगू, काचंत लाईट बघायला ये म्हणून?"

"गाळा माझा हाय, इसरू नका."

"इसरले न्हाई. म्हणून तर पहिल्यांदा साधा सांगितला. दुसरं कोण असतं तर दारातनंच परत लावलं असतं."

"मग महिनाअखेर खाली करा!"

"महिनाअखेर कशाला? आजच करते. माझ्याकडं पाना हाय."

आणि बाईंनी खरोखरच पाना काढला. थेट दुकानावर जाऊन, भरबाजारात शिडीवर चढून आपल्या हातानं पाटी उतरवली. मागोमाग आलेले लालासाहेब खाली उभे, पाटी अंगावर पडेल म्हणून दोन पावलं मागं सरकत होते. शेजारचा कापडवाला म्हणाला, "ताई, चौसष्ट तर चौसष्ट. द्यायचं की! तुमचं काय गेलं असतं?"

"उद्या तुमी इचारायला आला असता, तवा मी खरं सांगतेय का खोटं, ह्ये तुमाला कसं कळलं असतं?"

कापडवाल्यानं पुढं होऊन शिडी धरली.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या मेस्त्रीखान्यात, दोन उघड्या इंजिनांच्या मधे, क्रांतीताईंचं टेबल लागलं. कपड्यांना ग्रीस, चहाला डिझेलचा वास. दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. नातीला कॉम्प्युटर घ्यायचाय म्हणत नानासो स्वतःच दारात उभे होते, आणि चेअरमनला सांगू नका, असं बजावत होते.

"त्यांनी इचारलं तर खरं त्येच सांगणार," क्रांतीताई म्हणाल्या. "बसा."