सुमनने फोनवर ऐकलेला श्वास

डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवला आणि सांगितलं, तुमच्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे.

मी म्हणालो, "साहेब, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असंल. ती नऊ वर्सांची हाय."

रिपोर्ट मायाचाच होता. साखर चारशेच्या वर गेली होती. साखरेचा आजार म्हणजे पन्नाशीनंतरचा, गोड खाणाऱ्यांचा, बसून काम करणाऱ्यांचा, एवढंच मला ठाऊक होतं. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. भवानी पेठेत दोन खोल्या घेऊन राहतो. माझी बायको सुमन घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते. आमच्या खानदानात हा आजार कुणाला झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं ते साधं होतं. आपण खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येते. ती रक्तातून शरीरात पोचवायला इन्सुलिन लागतं. मायाच्या शरीरात इन्सुलिन तयार होणंच बंद पडत चाललं होतं. यात गोड खाण्याचा दोष नाही, आईबापांचाही नाही. इन्सुलिन बाहेरून द्यायचं, रोज चार वेळा. गोळीनं हे भागत नाही.

मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, कायम.

महिनाभर माया सारखं पाणी पीत होती. रात्री तीनतीनदा लघवीला उठत होती, दोनदा अंथरुणही ओलं झालं. फ्रॉक अंगावर लोंबायला लागला होता. मे महिना होता, म्हणून आम्ही उन्हावर ढकललं. तुमच्या घरातल्या लेकराला असं होत असेल तर उन्हावर ढकलू नका. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन तपासलं की मिनिटात कळतं.

दवाखान्यात आठ दिवस काढले. मी बहुतेक वेळ बाहेरच्या बाकड्यावर बसून असायचो. सुमन मात्र नर्सबाईंच्या मागे मागे फिरायची. ती चौथीपर्यंत शिकलेली. नर्सबाईंनी सुईत नुसतं सलाईन भरून दिलं, तर तिनं पहिल्यांदा स्वतःच्या पोटाला टोचून बघितलं. लेकीला काय वाटतंय ते आधी मला कळू द्या, म्हणाली. तीनदा टोचलं, मग मायाजवळ गेली.

घरी आल्यावर लोक सांगायला लागले, ज्वारीची भाकरी द्या, भाकरीनं साखर वाढत नाही. सुमननं कुणाशी वाद घातला नाही. एक दिवस एका भाकरीनंतर साखर तपासली, दुसऱ्या दिवशी दोन भाकरींनंतर, आणि आकडे वहीत लिहून ठेवले. भाकरीनंही साखर वाढत होती. मग तिनं पिठाची एक वाटी ठरवली आणि त्या वाटीच्या हिशेबानं डॉक्टरांकडून इन्सुलिनचा डोस बसवून घेतला. डॉक्टर तिची वही बघून म्हणाले, "एवढं नेमकं शिकलेली माणसंही लिहीत नाहीत."

सुमन शाळेत गेली आणि बाईंना, मायाच्या बाकावरच्या दोघी पोरींना सांगून आली. हायपो म्हणजे साखर एकदम खाली जाणं. हात थरथरले, घाम फुटला, माया गप्प गप्प झाली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. त्या पोरींनी दोन वेळा मायाला सावरलं.

आता मी काय केलं ते सांगतो.

पावसाळ्यात मायाची साखर आपोआप उतरायला लागली. डॉक्टरांनी डोस कमी केला. ते बजावून म्हणाले होते की सुरुवातीला काही महिने असं होतं, उरलंसुरलं इन्सुलिन शरीर वापरतं, हा आजार बरा होणं नव्हे. मी ऐकलं, पण मनात धरलं ते दुसरंच. मला वाटलं, उतरतंय म्हणजे जाणार. एवढ्याशा अंगाला रोज चार सुया मला बघवत नव्हत्या.

दिवाळीच्या सुट्टीत मायाला घेऊन मी भावाकडे गावी गेलो. सुमनला काम होतं, ती मागं राहिली. गावात एक जण साखरेवर पूड देतो असं भावानं सांगितलं. त्या माणसाची अट एकच, सुई बंद करायची. सुमननं इन्सुलिन, सुया, मीटर सगळं पिशवीत भरून दिलं होतं. मी ती पिशवी कपाटात ठेवली आणि पूड सुरू केली. मायाला सांगितलं, डॉक्टरांनीच थोडे दिवस बंद केलंय.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या. भाऊ म्हणाला, फराळ बाधला. दुपारी सुमनचा फोन आला. उलट्या होतायत, एवढंच मी सांगितलं. ती म्हणाली, "फोन तिच्या तोंडाजवळ धरा."

मी धरला. माया मोठमोठे श्वास ओढत होती, पळून आल्यासारखे.

सुमननं विचारलं, "इन्सुलिन किती दिवस न्हाय दिलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "तीन दिवस," म्हणालो.

"आत्ताच्या आत्ता गाडी काढा. मी दवाखान्यात थांबते."

मेंढरं न्यायच्या पिकअपमधून आम्ही सोलापूरला निघालो. माया माझ्या मांडीवर होती, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. मी हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "आई हाय का तितं?"

होती. दारातच उभी होती. तिनं डॉक्टरांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे एक मिनिट वाया गेलं नाही. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळतं, त्यातून कीटोन नावाचं आम्ल रक्तात साठतं. त्यालाच डीकेए म्हणतात; तो ओढलेला श्वास आणि तोंडाचा वास ही त्याचीच खूण, ती सुमनला नर्सबाईंनी आधीच सांगितली होती. सलाईन आणि शिरेतून इन्सुलिन सुरू झालं. दीड दिवसानंतर मायानं भूक लागली म्हणून सांगितलं.

डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "तुमच्या पत्नीनं फोनवर श्वास ओळखला. आणखी उशीर झाला असता तर मला काही सांगता आलं नसतं."

सुमन रडली नाही, ओरडलीही नाही. बाहेर व्हरांड्यात माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तुमाला तिच्या सुया बघवत न्हाईत, ते मला कळतंय. पन परत असं केलं तर मी तिला घिऊन वेगळी राहीन." मग आत गेली.

त्यानंतर मीही वही वाचायला शिकलो, डोस काढायला शिकलो. पण माया माझ्याकडून सुई घ्यायची नाही. मी इन्सुलिनचा पेन हातात घेतला की ती आईमागं सरकायची. तिचं चुकत नव्हतं. मीच तिला खोटं सांगितलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात सासरे आजारी पडले म्हणून सुमन दोन दिवस मंगळवेढ्याला गेली. शेजारच्या ताईंना सुई द्यायला सांगून गेली होती. संध्याकाळी ताई अजून आल्या नव्हत्या. मायानं साखर तपासली, वाटी बघितली, डोस काढला. थोडा वेळ पेन हातात धरून बसली. मग माझ्याकडे दिला.

"आप्पा, तुमीच द्या," म्हणाली. "भीत भीत दिलं की जास्त दुखतंय. एकदम टोचा, दहा मोजा, मग काढा."

मी मोजले. तिनेही माझ्याबरोबर मोजले. मग ती जेवायला बसली.

आता ती खो-खोच्या संघात आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी असते, ती मागच्या वेळी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत आली. ज्यांच्या घरी हा आजार नव्यानं आलाय त्यांना एकच सांगतो. इन्सुलिन म्हणजे लेकराला लागलेली सवय नव्हे, तो त्याचा श्वास आहे. आणि घरात जो शिकायला तयार असेल, त्याचं ऐका.

त्या संध्याकाळी मंगळवेढ्याहून सुमनचा फोन आला. सुई कुणी दिली, तिनं विचारलं. मी दिली, म्हणालो.

"किती युनिट?"

"पाच."

"बरोबर हाय," ती म्हणाली. "आता तुमीबी जेवा."