शुक्रवारी येणारा आवाज

बेवारस मृतदेहांच्या फायली पोलीस सहसा लक्षात ठेवत नाहीत. नोकरीत अशा अनेक फायलींवर मी सह्या केल्या. त्यांतली एकच मला आजही पानापानासह आठवते. ती नियमाप्रमाणे पूर्ण झालेली होती, आणि तिच्यात कुठेही चूक नव्हती.

सेवेची शेवटची काही वर्षे मी सिल्वासात ठाण्याचा प्रमुख होतो. तिथल्या ठाण्यातले काम ठरलेले असते. कारखान्यातली चोरी, खोलीवरची मारामारी, मालाच्या ट्रकची धडक, आणि पगार झाल्यावर दोन-चार दिवस दारूच्या तक्रारी. अशाच एका सकाळी गोव्याहून एका बाईंचा फोन आला. त्या गायिका होत्या. तक्रार करायची आहे का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की तक्रार नाही, शंका आहे.

त्यांनी सांगितले ते असे. सिल्वासातल्या आमली भागात एक तरुण स्वतःचे छोटे संगीत लेबल चालवतो. लेबल म्हणजे गाणी ध्वनिमुद्रित करून लोकांपर्यंत पोहोचवणारी संस्था. हे लेबल फक्त रेगे, म्हणजे जमैकातल्या संथ ठेक्याची गाणी काढते. नवे गाणे दर शुक्रवारी येते. आठवडाभर आधी मोबाइलवर पोस्टर फिरते, त्यावर दोन चेहरे असतात, एक लेबलच्या ठरलेल्या गायकाचा आणि दुसरा बाहेरून बोलावलेल्या कलाकाराचा. या बाईंनी त्या गायकाबरोबर तीन गाणी केली होती. तो खानदेशातला, मसाटच्या एका कारखान्यात कामाला होता. बाई आपला आवाज गोव्यातून पाठवत, त्याचा आवाज सिल्वासातून येई आणि लेबलवाला दोन्ही जोडत असे.

"मी त्याच्याशी एकदाही बोललेले नाही," त्या म्हणाल्या. "पण मला खटकलं ते वेगळंच. जोडीने गाताना दोघांनाही थोडं बदलावं लागतं. मी लेबलवाल्यामार्फत त्याला प्रत्येक गाण्यात एखादी ओळ बदलायला सांगितली. प्रत्येक वेळी माझीच ओळ बदलली. त्याची एकही नाही."

एवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही. तरी मी स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितली. बाईंनी पाठवलेले एक गाणे ठाण्यात लावले. संथ चाल, जड ढोल, मध्येच तुटक वाजणारी गिटार, आणि त्यावर एका तरुणाचा खरखरीत, थोडा मागे रेंगाळणारा आवाज. आमचा गुजराती हवालदार ऐकून म्हणाला, "साहेब, आ तो थाकेलो गरबो छे." दमलेला गरबा. सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी आमलीत गेलो. एका दुकानाच्या वरच्या खोलीत लेबलचे कार्यालय होते. कारखान्यातून आणलेला पॅकिंगचा फोम भिंतींवर चिकटवलेला, एक संगणक, एक मायक्रोफोन, आणि आजवरच्या गाण्यांची पोस्टरे. लेबलचा चालक तिशीचा होता. दिवसा गलोंड्याच्या एका प्लास्टिक कारखान्यात माल तपासायचे काम करायचा आणि उरलेला वेळ या खोलीत घालवायचा. बोलायला नम्र. त्याने चहा मागवला. गायक कुठे आहे, असे मी विचारले.

"कलाकार माणूस आहे सर. मनात येईल तेव्हा येतो, मनात येईल तेव्हा जातो. फोन ठेवतच नाही. सध्या गुजरातेत कुठेतरी असेल."

खोटे बोलणारा माणूस जागेचे नाव सांगत नाही, स्वभाव सांगतो. हे मी अनेक चौकशांत पाहिले आहे. मी चहा प्यायलो आणि उठलो.

मसाटच्या कारखान्यात ठेकेदाराने सांगितले की तो पोरगा केव्हाचाच काम सोडून गेला. सोडताना सांगून गेला का, असे विचारल्यावर ठेकेदाराला प्रश्नच कळला नाही. इथे कोणी सांगून जात नाही. खोलीवरच्या सोबत्यांनाही वाटले होते की तो गावी गेला, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस राहायला आला होता. ठेकेदाराकडून गावाचा पत्ता मिळाला. तिथल्या ठाण्यामार्फत निरोप धाडला आणि दोन दिवसांनी गायकाचे वडील माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

साठीच्या आसपासचा, सडपातळ माणूस. खुर्चीवर बसायला तयार नव्हता. मुलगा हरवला आहे असे त्याला वाटतच नव्हते. बापलेकात भांडण झाले होते. गाणे सोड, नाहीतर घरी येऊ नको, असे बाप म्हणाला होता. मुलगा आला नाही. त्याने फोनही बंद केला. पण शुक्रवारी पुतणीच्या मोबाइलवर त्याचे गाणे येई. आई ओट्यावर बसून ते ऐके आणि मग चूल पेटवी. मधल्या काळात बापाचा राग गेला होता. मुलाचा शोध घ्यायला सिल्वासाला जाऊ, असे तो दोनदा म्हणाला होता. दोन्ही वेळा बायकोने त्याला थांबवले.

"ती म्हने, गानं येस ना? मंग पोऱ्या शे. येई तो."

गाणे येते म्हणजे मुलगा आहे. त्यामुळे बेपत्ता असल्याची नोंद कुठल्याच ठाण्यात झाली नव्हती.

लेबलच्या चालकाला ठाण्यात बोलावले. मी आवाज चढवला नाही. फक्त एक काम सांगितले. तू म्हणतोस तो मनात येईल तेव्हा येतो. मग त्याच्याकडून घरच्यांसाठी एक निरोप आण, त्याच्या आवाजात. दोन शब्द पुरेत. तो मला मिळाला की हे प्रकरण मी बंद करतो.

त्याने वेळ मागितला. दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर ध्वनिफीत आली. वडील ठाण्यातच मुक्कामाला होते. त्यांना आत बोलावून ती लावली.

"आई, मी बरा आहे. घरी येईन."

आवाज तोच होता, गाण्यातला खरखरीत आवाज. वडिलांनी पुन्हा लावायला सांगितले. तिसऱ्यांदा ऐकताना ते खाली बसले आणि रडू लागले. हवालदाराने पाणी दिले. मी म्हणालो, काका, झाले काम, आता गावी जा. त्यांनी हात जोडले आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबले. वळले नाहीत. त्यांना जे सांगायचे होते ते मी विचारू नये, असे त्यांना वाटत असावे. मी विचारले.

"आवाज त्याचाच ना?"

"त्यानाच शे." मग वळून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पन साहेब, घर तो आई नही म्हनस. माय म्हनस."

गाण्यांमध्ये तो 'आई' म्हणत होता. मुंबई-पुण्याच्या लोकांना कळावे म्हणून चालकानेच तो शब्द घालायला लावला होता. हे नंतर जबाबात आले.

चालकाला परत बोलावले. ध्वनिफीत असलेला मोबाइल टेबलावर ठेवून मी एवढेच म्हणालो की आता यात 'माय' म्हणायला लाव. त्याने मोबाइल पालथा घातला. मग म्हणाला, "तो शब्द माझ्याकडे नाही सर."

ती ध्वनिफीत त्याने गाण्यांतले शब्द कापून जोडली होती. पुढचेही सगळे त्याने न विचारता सांगितले. शेवटच्या भेटीत गायकाने त्याच्याकडे सुट्टी मागितली होती. गावी जाऊन वडिलांशी समेट करायचा होता. आधी राहिलेली गाणी पुरी कर, मग जा, असे चालक म्हणाला. कारखान्यातली पाळी संपवून येऊन त्या पोराने पंधरवडाभर सगळी गाणी एकट्याने गाऊन दिली. बाहेरच्या कलाकारांचे आवाज नंतर जोडायचे होते. शेवटचे गाणे झाल्यावर तो निघाला. काही दिवसांनी चालकाने स्थानिक वर्तमानपत्रात पोलिसांचे एक निवेदन पाहिले. दमणगंगेच्या पात्रात अनोळखी तरुणाचा मृतदेह, अंगात हिरवा टी-शर्ट, छातीवर ढोलाचे चित्र. तो टी-शर्ट लेबलने जाहिरातीसाठी छापून घेतला होता. चित्र चालकानेच काढले होते.

"मग आला का नाहीस?"

"शुक्रवारी गाणं येणार होतं सर. पोस्टर गेलं होतं. म्हटलं, शनिवारी जाऊन सांगतो."

"मग?"

"शनिवारी गाणं चाललं."

त्याने पाठ फिरवली नव्हती, पळ काढला नव्हता. तो रोज आमच्या ठाण्यावरून कामाला जात होता. आपल्याला खात्री नव्हती, असे तो पुन्हा पुन्हा म्हणाला. ते खरेच असावे. खात्री करून घेण्यासाठी शवागारापर्यंत यावे लागले असते.

ते निवेदन माझ्याच ठाण्याचे होते. फाईल कपाटातून काढली. पंचनामा, छायाचित्रे, शवविच्छेदनाचा अहवाल. मृत्यू बुडून, अंगावर मारहाणीची खूण नाही. टी-शर्टवरचे चित्र आम्ही एखाद्या कंपनीचे समजलो होतो. कंपनीचे चित्र छातीवर घेऊन फिरणारी हजारो माणसे या शहरात आहेत. मृतदेह मुदतीपर्यंत शवागारात ठेवला, आसपासच्या ठाण्यांना छायाचित्रे पाठवली, कोणी आले नाही, तेव्हा पालिकेमार्फत अंत्यसंस्कार केले. त्या काळातही दर शुक्रवारी त्याचे गाणे येत होते आणि आई ओट्यावर बसून ते ऐकत होती.

मृतदेहाचा राखून ठेवलेला नमुना वडिलांच्या रक्ताशी जुळला. मुलगा पाय घसरून पडला की स्वतः पात्रात उतरला, हे आजही मला सांगता येणार नाही. वडिलांनी जागा दाखवायला सांगितली. मी त्यांना स्मशानात घेऊन गेलो. दाखवण्यासारखे तिथे काही उरले नव्हते. त्यांनी एक मूठ माती रुमालात बांधून घेतली. ती कोणाची होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. सुट्टी मागितल्याचा जबाबातला भाग मी त्यांना वाचून दाखवला नाही.

कायद्याने चालकावर फार काही लागत नव्हते. पोलिसांना खोटी माहिती दिली, एवढा किरकोळ गुन्हा नोंदवला. संगणक मुद्देमाल म्हणून जप्त केला. त्यामुळे पुढच्या शुक्रवारी गाणे आले नाही.

वडिलांनी घरी जाऊन सगळे सांगितले होते, पण आईने ऐकून घेतले नव्हते. त्या शुक्रवारी ती ओट्यावर बसून राहिली. चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी तिने भावकीला बोलावले आणि त्या शुक्रवारपासून मोजून मुलाचा दहावा केला. माझ्या फाईलमध्ये मृत्यूच्या तारखेपुढे 'अंदाजे' असे लिहिले आहे. तिच्याकडे नक्की तारीख होती, आणि ती माझ्या जप्तीनंतरची होती.

खटला दंडावर संपला. न्यायालयाच्या आदेशाने संगणक परत गेला आणि लवकरच नवे पोस्टर फिरू लागले. या वेळी गायकाच्या नावाआधी 'दिवंगत' लिहिले होते. शेजारी दुसऱ्या एका कलाकाराचा चेहरा होता. मी निवृत्तीला आलो होतो, तरी ते पोस्टर बघून कलमांची पुस्तके काढून बसलो. हा माणूस अजून त्या पोरावर दुकान चालवतो आहे, आणि त्याला थांबवणारे एकही कलम मला सापडत नव्हते.

गाणे येऊन गेल्यावर सोमवारी आईवडील ठाण्यात आले. आईला मी पहिल्यांदाच पाहत होतो. ठेंगणी, डोक्यावर पदर, हातात पुतणीचा मोबाइल. ती तक्रार द्यायला आली, असे मी धरून चाललो. मला बरे वाटले. तक्रार असेल तर काहीतरी करता येते. मी लिहून घेणाऱ्याला हाक मारली आणि तिला म्हणालो, माय, बसा, तुमच्या परवानगीशिवाय त्याने गाणे काढले, हे आपण लिहून घेऊ.

ती बसली नाही. मुलगा जिवंत आहे असे तिला वाटत आहे का, असा मला संशय आला, म्हणून मी पुन्हा सगळे समजावू लागलो. तिने हाताने थांबवले. दहावा मीच केला, असे म्हणाली. मग विचारले, "साहेब, आते कितला गाना बाकी शेतस?"

  मी चालकाला फोन लावला. तो घाबरला. खरे सांग, एवढेच मी म्हणालो. पूर्ण अशी दोन आहेत, असे तो म्हणाला. मी तिला सांगितले.

तिने बोटांवर दोन मोजले. मग म्हणाली, "एकदम नको काढू म्हना त्याले. हाळूहाळू काढ म्हना."

मी तो निरोप दिला. ज्या माणसाला तुरुंगात पाठवण्यासाठी मी आठवडाभर पुस्तके चाळली, त्यालाच मी विनंती केली. तो 'हो सर' म्हणाला. लिहून घेणारा कागद घेऊन उभा होता, त्याला परत पाठवले.

पोलिसाला वाटते की खरे काय ते शोधून काढले की आपले काम झाले. मी ते शोधले होते, आणि त्याने त्या घरातल्या कोणालाही काही परत मिळाले नाही. शोधण्याआधी त्या आईकडे दर आठवड्याला एक मुलगा येत होता. शोधल्यानंतर तिच्याकडे दोन गाणी उरली. खोटे मी पकडले आणि त्याच खोट्यातला उरलेला भाग ती माझ्याकडे मागायला आली. तिला नाही म्हणण्याइतके कायद्याचे ज्ञान माझ्याजवळ नव्हते.

चालकाने शब्द पाळला. पहिल्या गाण्यानंतर त्याने बरेच महिने जाऊ दिले. तोवर मी निवृत्त झालो होतो. ती दोन्ही गाणी आता येऊन गेली आहेत.