व्होल्व्होतली एकच चांगली जागा

सिक्स्टेनची व्होल्व्हो मोटार त्याच्या मुलीपेक्षा वयाने मोठी होती आणि तिच्यावर त्याने मुलीपेक्षा जास्त पैसा ओतला होता. खालचा पत्रा गंजून चाळण झाला होता. दर वर्षी गाडीच्या सरकारी तपासणीच्या वेळी सिक्स्टेनचा जीव टांगणीला लागायचा. पण स्टिरिओ असा, की सगळ्या लूडविका गावात तोड नव्हती. डिकीभर बास स्पीकरचं खोकं, मागच्या सीटवर दोन अ‍ॅम्प्लिफायर, दारांना आतून जाड अस्तर. किराणा मात्र बायकोच्या, गुनव्हॉरच्या मांडीवर.

"हे सगळं तुझ्यासाठीच तर करतोय," असं तो तिला सांगायचा, आणि ते त्याला मनापासून खरं वाटायचं. लग्नाआधीपासून दोघं उन्हाळाभर दर शनिवारी गाडीत गाणी ऐकत नाचाला जायचे. त्या वाटेवरच तर तिने त्याला हो म्हटलं होतं.

यंदा मे महिन्यात गुनव्हॉरने कॉफी ओतता ओतता जाहीर केलं, "शनिवारी मी बसने जाणार."

"बसने? मला सोडून?"

"तुला नाही, तुझ्या त्या दणदणाटाला सोडून. ढोल पोटात वाजतात आणि गाणारा माझ्या गुडघ्यातून गातो."

"तुला गाण्याचा कानच नाही, त्याला मी काय करू?" सिक्स्टेन बोलून गेला. रात्री त्याला त्याचं फार वाईट वाटलं. ती बसमध्ये आणि आपण गाडीत एकटे, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या एखाद्याने आवाज कमी केला असता. सिक्स्टेनने बायकोला गाडीत घालून कॉन्नीकडे नेलं. ही सगळी यंत्रं कॉन्नीनेच आपल्या गॅरेजात बसवली होती.

"हिला नीट ऐकू येत नाही. अजून एखादा स्पीकर टाकू या का?"

कॉन्नी गुनव्हॉरच्या सीटवर बसला, अर्धं गाणं ऐकलं आणि हसत सुटला. "हिचे कान ठणठणीत आहेत रे! मोजमापाचा माईक आपण ड्रायव्हरच्या डोक्यापाशी लावला होता. सगळे आवाज नेमके त्या एका डोक्याशी जुळतात. शेजारी नुसता गलका. तूच म्हणाला होतास तसं कर म्हणून."

"मग दोघांसाठी जुळव."

"जमेल. दोघांनाही अर्धवट ऐकू येईल."

सिक्स्टेनने अर्धवट काही विकत घेतलं नव्हतं.

गुनव्हॉर मात्र वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि गाणं लावलं. गाणारी बाई जणू बॉनेटवर उभी राहून तिच्याचकडे बघून गात होती. गुनव्हॉरचे डोळे भरून आले. मग ते पुसून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"इतकी वर्षं तू हे ऐकत होतास? आणि मला म्हणे कान नाही! आता किल्ली माझ्याकडे."

शनिवारी बसचं नाव निघालं नाही. गाडी गुनव्हॉर चालवत होती. शेजारी सिक्स्टेनला भांडी घासल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं. तो जरासा तिच्याकडे कलला, तसं बरं वाटलं. आणखी कलला. शेवटी डोकं तिच्या खांद्याला टेकलं, तेव्हा कुठे ती बाई बॉनेटवर आली. गिअर बदलताना गुनव्हॉरचं कोपर त्याच्या हनुवटीला लागत होतं.

"येतानाही मीच चालवणार," ती म्हणाली.

सिक्स्टेन मान हलवणार होता. पण तेवढ्यानेही सूर बिघडत होता, म्हणून तो तसाच टेकून राहिला.