बाबांची खुर्ची

नाटकाआधी अध्यक्ष कुटुंबसंस्थेवर इतकं बोलले की भीती फक्त कंटाळ्याची होती. मग पडदा उघडला. घर सोडून गेलेला बाप शेवटपर्यंत आला नाही, पण त्याच्या आरामखुर्चीला सगळे वळसा घालून चालत. आलेला बाप कधीतरी उठून तरी जातो. न आलेल्याला कसं उठवणार?

तिसऱ्या अंकात धाकटा मुलगा त्या खुर्चीत बसला, आणि प्रेक्षकांत मागे कुणीतरी खाकरलं. ताईनं माझा हात घट्ट धरला. आमचे बाबा घरात शिरताना असेच खाकरत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "बस की आता त्यांच्या खुर्चीत. पन्नाशी उलटली तुझी."

"तू मोठी. आधी तू."

आम्ही जमिनीवर बसून चहा घेतला, तोही आवाज न करता.