दुखणार आहे, असं सांगणाऱ्या मॅडम

"दुखणार हाय बरं का. लई दुखणार. पण उद्यापर्यंतच." सुई हातात घेतली की मुलाच्या डोळ्यांत बघून मॅडम हे वाक्य म्हणायच्या. आपण सगळेच मुलांना मुंगी चावल्यासारखं होईल म्हणून फसवतो. तुम्हीही कधीतरी फसवलं असेल. मॅडमना ते जमायचं नाही. आणि न रडता निमूट पालथी झोपणारी मुलं मी त्यांच्याकडेच जास्त पाहिली.

त्या विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात लहान मुलांच्या आजारांवर संशोधन करत. सारखा घसा दुखत असेल आणि उपचार झाले नाहीत, तर काही मुलांचे सांधे सुजतात आणि पुढे हृदयाची झडप खराब होते. आमच्या बीड जिल्ह्यातल्या शाळांमध्ये त्यांचा या आजाराचा अभ्यास चालला होता. मी नेकनूरचा. हृदयाची सोनोग्राफी करणारं छोटं यंत्र सांभाळायला मला घेतलं होतं. पहिल्या दिवशी त्या पुण्याच्या असतील असं समजून मी फार जपून, पुस्तकी बोलत होतो. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी तलवाड्याची हाय. नीट बोला."

वडील शिक्षक, घर बौद्धवस्तीत. एरवी रजा घ्यायचं नाव नाही, पण जयंतीला तलवाड्याला गेल्याशिवाय राहायच्या नाहीत. कुणी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली तर तिच्यावर आमची पिशवी ठेवायच्या. एकदा एका गावचे पुढारी यंत्राशेजारी फोटो काढून घ्यायला आले. मॅडमनी त्यांना बसवलं, रक्तदाब मोजला आणि तंबाखू बंद करा म्हणून भरल्या वर्गात बजावलं. फोटो राहिलाच. गावकरी म्हणाले, आता पुढारी शिबिर बंद पाडणार. पुढच्या शिबिराला मंडप त्याच पुढाऱ्यांनी पाठवला.

वडवणीजवळच्या एका शाळेत आम्ही पोचलो तेव्हा मधली सुट्टी होती. मॅडम मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. सगळी मुलं धावत होती, कोमल नावाची एक मुलगी तेवढी पायरीवर बसली होती. गुरुजी म्हणाले, लाजाळू आहे. मॅडम म्हणाल्या, "लाजत न्हाई ती. तिला दम लागतोय."

तपासलं तर तिची झडप गळत होती. उपाय होता, पण चिकाटीचा. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, तेही कित्येक वर्षं. आईवडील तयार झाले. अडचण पुढेच होती. दिवाळीनंतर ते ऊसतोडीला जाणार होते आणि मुलीला मागे ठेवायला घरात कुणी नव्हतं. मॅडमनी कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी दिली.

त्याच सुमारास विद्यापीठात बैठक झाली. यंत्राची माहिती द्यायला मीही मागच्या बाकावर होतो. विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले की बाहेरगावी जाणारी मुलं अभ्यासातून वगळावीत, त्यांच्यामुळे माहिती अर्धवट राहते. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, ही मुलं वगळली तर अभ्यास नीटनेटका होईल. पण मग तो बीडचा राहणार नाही." प्राध्यापक म्हणाले, ठेवा, पण त्यांना शोधून काढायची जबाबदारी तुमची.

म्हणून आम्ही जीप घेऊन कोल्हापूरकडे गेलो. उसाच्या फडाजवळ तोडणी कामगारांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. त्यातल्या एकीत कोमल गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. गुडघा सुजलेला, अंगात ताप. चिठ्ठी दाखवूनही केंद्रावरून त्यांना परत पाठवलं होतं. तिची आई मॅडमना बघून बाजूला सरकली आणि तिनं बसायला जागा करून दिली.

मॅडमनी तपासायला सुरुवात केली तेव्हा कोमलनं विचारलं, "मॅडम, तुमी खोटं बोलत न्हाई ना? मग सांगा, मी मरन का?"

माझ्या हातातली यंत्राची पेटी मी खाली ठेवली. अशा वेळी कुणीही म्हणेल, वेडी आहेस का, असं काही होत नाही. मॅडम तिच्याशेजारी पाचटावर बसल्या.

"इंजेक्शन सुटत राहिलं तर तुझं हृदय लई थकंल. मग मरायचीबी भीती हाय. न्हाई सुटलं तर तू मोठी होशील, असं मला वाटतं. ते सुटू न देणं माझं काम हाय. तुझं न्हाई."

कोमल स्वतःच उठायला लागली.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला दाखल केलं आणि ताप उतरेपर्यंत मॅडम तिथंच राहिल्या. मग त्या आरोग्य केंद्रावर गेल्या. मला वाटलं, आता त्या डॉक्टरची खरडपट्टी निघणार. तो नवखा तरुण होता. या इंजेक्शननं एखाद्या मुलाला रिअॅक्शन आली तर काय करायचं, याची त्याला धास्ती होती. मॅडमनी तुमची भीती बरोबर आहे, असं म्हणून त्याला आधी ती वेळ आली तर काय करायचं ते शिकवलं. "या खेपेला मी देते, तुम्ही शेजारी उभे राहा. पुढच्या खेपेला तुम्ही द्या, मी उभी राहते." आणि तीन आठवड्यांनी त्या खरंच पुन्हा गेल्या. त्या हंगामात इतर कोप्यांतली मुलंही तपासून घ्यायला तिथं येऊ लागली.

पावसाळ्याआधी कुटुंब गावी परतलं. मी कोमलच्या छातीवर यंत्र धरलं, मॅडम पडद्याकडे वाकल्या. गळती थांबली नव्हती, पण वाढलीही नव्हती. मॅडमनी तिच्या आईला तेवढंच सांगितलं, त्यात साखर घातली नाही. आई हसली. पुढं अभ्यास पूर्ण झाला तेव्हा हंगामाला जाणाऱ्या मुलांसाठी एक वेगळं प्रकरण त्यात होतं, आणि बैठकीत ते वाचून दाखवलं त्याच प्राध्यापकांनी.

नंतर दुसऱ्या एका विद्यापीठानं त्यांना हेच काम उभं करायला बोलावलं. निरोपाला गाडी ठरवली होती, ती त्यांनी नाकारली. वडवणीच्या बसस्थानकावर आम्ही सगळे हार घेऊन जमलो. गुरुजी होते, कोमल आणि तिची आई होत्या, पुढारीही होते. मॅडम खिडकीशी बसल्या. बस सुटली तसे आम्ही हात हलवायला लागलो. त्यांनी वळून पाहिलंच नाही. शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या पोराचं तोंड त्यांनी उजेडाकडे करून घेतलं होतं, पोरानं मोठा आ केला होता, आणि मॅडम त्याच्या घशात डोकावून आईला काहीतरी विचारत होत्या.